चेक मोठा, संस्था लहान

दरवर्षी गणपतीत आरती झाली, प्रसाद वाटून झाला की कोणी ना कोणी मला बाजूला घेतं आणि विचारतं, "आमच्या गावाकडे एक संस्था आहे. फार चांगलं काम करतात. तुझ्या ओळखीनं एखाद्या कंपनीचा सीएसआर मिळवून देता येईल का रे?" मी आयटी कन्सल्टंट, त्यात एमबीए, त्यामुळे याच्या खिशात दोन-चार कंपन्यांचे डायरेक्टर असणारच, असा एक गोड गैरसमज आहे. नसतात हो. पण विचारणारा मनापासून विचारत असतो, म्हणून मी उलट विचारतो, "संस्थेचा हिशेब कोण लिहितं?"

उत्तर बहुतेक वेळा असं येतं: "अध्यक्षांचे मेहुणे बँकेतून रिटायर झालेत, ते बघतात." नाहीतर, "मार्च आला की सीए बघतो." आज मला या उत्तराबद्दल बोलायचं आहे.

आधी पैशाची बाजू सांगतो. भारताच्या २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आहे. ते १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकामावर खर्च करायची. अलीकडच्या वर्षांत देशभरात हा आकडा वर्षाला २५,००० कोटी रुपयांच्या वर गेला आहे, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मात्र महाराष्ट्र म्हणजे त्यात बरंचसं मुंबई-पुणं. कायदाच म्हणतो की कंपनीनं आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, आणि कंपन्यांची ऑफिसं काही धडगावला किंवा भामरागडला नाहीत.

तरीही समजा, पैसा आला. त्याच्याबरोबर काय काय येतं? संस्थेकडे आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी हवी, तीन वर्षांचा कामाचा अनुभव हवा, २०२१ पासून सीएसआर-१ नावाचा फॉर्म भरून सरकारकडून नंबर घ्यायला हवा. मग करारनामा, दर तिमाहीला खर्चाचं प्रमाणपत्र, लाभार्थ्यांच्या याद्या, ठिकाण आणि वेळ उमटलेले फोटो. कंपनीचं सीएसआरचं बंधन सरासरी १० कोटींचं असेल आणि प्रकल्प १ कोटीचा किंवा त्याहून मोठा असेल, तर बाहेरच्या तिसऱ्या संस्थेकडून परिणामांचं मूल्यमापनही. यातलं काहीही मला चुकीचं वाटत नाही. पैसा भागधारकांचा आहे, हिशेब मागणारच. पण हे सगळं करायला संस्थेत माणूस लागतो, आणि त्या माणसाचा पगार कुठल्याच प्रकल्पाच्या बजेटमध्ये नसतो.

इथे एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती मला कुठेच कोणी बोलताना ऐकू येत नाही. २०१४ च्या मूळ नियमांत एक तरतूद होती. कंपन्यांनी आपल्या माणसांची, आणि काम प्रत्यक्ष करणाऱ्या संस्थांचीही, क्षमता वाढवण्यासाठी खर्च केला तर तो सीएसआरमध्ये धरला जाई. मर्यादा होती एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्के. जानेवारी २०२१ मध्ये नियम नव्यानं लिहिले गेले. त्यात कंपनीच्या स्वतःच्या माणसांना शिकवण्याचा उल्लेख राहिला, संस्थांचा गेला. आणि ५ टक्क्यांचा आकडा उरला तो कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चापुरता. गंमत अशी की हाच आकडा पुष्कळ कंपन्यांची ऑफिसं संस्थांना लावतात. "तुमचा प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर आम्हाला चालत नाही." नियमातली व्याख्या वाचली तर ती कंपनीत होणाऱ्या खर्चाबद्दल आहे, संस्थेच्या नाही. पण पलीकडे बसलेल्या ताईंनी व्याख्या वाचलेली नसते, आणि वाचली असली तरी देणाऱ्याशी वाद कोण घालणार?

खरा खर्च किती असतो? ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेनं काही वर्षांपूर्वी भारतातल्या ४० नावाजलेल्या संस्थांचे हिशेब तपासले होते. भाडं, अकाउंट्स, संगणक, माणसांची भरती, असा जो खर्च थेट लाभार्थ्यापर्यंत पोचताना दिसत नाही, तो ५ टक्क्यांपासून ५१ टक्क्यांपर्यंत होता. मध्यावरचा आकडा १९ टक्के. आपल्या क्षेत्रात याला ओव्हरहेड म्हणतात, आणि मी गेली वीस वर्षं ज्या ज्या क्लायंटला बिल लावलंय, त्यात तो न सांगता धरलेला आहे. कोणी भुवई उंचावलेली नाही. संस्थेनं तोच मागितला की मात्र "सेवा म्हणून करता ना?" असं विचारलं जातं.

आता एक जवळचं उदाहरण. आम्ही चौघं-पाचजण गेली काही वर्षं बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेशी रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर बोलतो. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी त्या हंगामी वसतिगृह चालवतात. दसरा-दिवाळीला कोयते निघतात, आणि मुलं आईबापांबरोबर गेली की शाळा सुटते. ती गावातच राहावीत म्हणून जेवण, झोपणं, संध्याकाळचा अभ्यास. पाडव्याच्या आसपास आईबाप परत येतात. काम एवढं साधं, आणि एवढं अवघड.

त्यांना एका कंपनीचा पैसा मिळाला. मंजुरी झाली जानेवारीत, पैसे आले फेब्रुवारीच्या शेवटी, आणि ३१ मार्चच्या आत खर्च करायचे होते. वसतिगृहाला पैसा लागतो दिवाळीला, किराणा भरायला. मार्चमध्ये मुलं घरी जायच्या तयारीत. मग काय झालं? टॅबलेट घेतले, भिंतीवर मोठा पडदा लावला, उद्घाटन झालं. किराणा पुढच्या दिवाळीला नेहमीसारखा उधारीवर. ती उधारी फिटेपर्यंत दुकानदार ताईंच्या घरी चकरा मारत होता. वर कंपनीकडून दर महिन्याला भरायचा एक तक्ता आला, बेचाळीस रकान्यांचा. त्यात मुलाच्या आईवडिलांचा ईमेल पत्ताही मागितला होता. अहो, ते आईवडील त्या वेळी सांगली-कोल्हापूरकडच्या फडात!

ताईंकडे संध्याकाळी अभ्यास घेणारा एक मुलगा होता. तक्ता भरायला तोच बसला. महिनाभरानं लक्षात आलं की अभ्यास कोणी घेतच नाहीये. मोठ्या चेकनं लहान संस्था अशी मोडते. भ्रष्टाचार नाही, वाईट हेतू नाही, कंपनीतला अधिकारीसुद्धा सज्जन. पण एका बाजूला आठ माणसांचा विभाग, आणि दुसऱ्या बाजूला एक ताई, दोन स्वयंपाकीणबाई आणि एक पोरगा. याला भागीदारी म्हणायची तर शब्दालाच लाज वाटेल.

आम्ही काय केलं, ते पुढे सांगतो. आधी, हा प्रश्न ज्यांनी नीट सोडवला होता अशा दोन जागा दाखवतो. दोन्ही आपल्याच महाराष्ट्रातल्या आहेत.

पहिली अहमदनगर, आताचं अहिल्यानगर. १९९० च्या दशकात जर्मन सरकारच्या मदतीनं आणि नाबार्डमार्फत पाणलोट विकासाचा एक मोठा कार्यक्रम तिथून उभा राहिला. त्यामागे फादर हर्मन बाखर आणि क्रिस्पिनो लोबो ही माणसं होती, आणि गावांना आणि संस्थांना तयार करण्यासाठी १९९३ मध्ये वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था सुरू झाली. त्या कार्यक्रमाची खुबी अशी की गावानं आणि स्थानिक संस्थेनं नुसता अर्ज केला म्हणून पूर्ण पैसा मिळत नसे. आधी श्रमदान. मग चराईबंदी, कुऱ्हाडबंदी गावसभेत मान्य करायची. मग क्षमता बांधणीचा एक वेगळा टप्पा: शिवाराचा छोटासा तुकडा घ्यायचा, त्यावर समतल चर कसे आखायचे, मजुरीचं मस्टर कसं भरायचं, पाणलोट समितीनं बँकेचं खातं कसं चालवायचं, हे करता करता शिकायचं. चुका व्हायच्या त्या इथेच होऊ द्यायच्या. हे जमलं की मगच पुढचा मोठा टप्पा. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या कोरड्या गावांत या पद्धतीनं काम झालं.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की शिकण्याच्या टप्प्याचा खर्च देणाऱ्यानं वेगळा आणि उघडपणे दिला होता. तो ओव्हरहेडमध्ये लपवावा लागला नाही. तिथला पैसा कंपनीचा नव्हता हे खरं, पण कंपनीला ही पद्धत वापरायला कोणी अडवलेलं नाही. पहिल्या वर्षी दहा लाख द्या, त्यातून हिशेबनीस नेमू द्या, दुसऱ्या वर्षी पन्नास द्या. सॉफ्टवेअरमध्ये आपण पायलट करतो ना, तसंच.

दुसरी जागा मुंबई. १९९० च्या दशकाच्या मध्यावर माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी मुंबईच्या वस्त्यांमध्ये 'प्रथम' सुरू केली. महापालिका, उद्योजक आणि नागरिक या तिघांनी मिळून चालवायची, अशीच तिची कल्पना होती. इमारती बांधायच्या नाहीत. देवळात, कोणाच्या घरात, जिथे जागा मिळेल तिथे बालवाडी. 'प्रथम'चं सगळंच मला पटतं असं नाही, पण एक गोष्ट त्यांनी फार लवकर कमावली. मोजायची हिंमत. २००१ ते २००३ या काळात त्यांच्या बालसखी कार्यक्रमाची अभिजीत बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत आणि बडोद्यात परीक्षा घेतली. काही वर्गांना बालसखी, काहींना नाही, आणि मग फरक बघायचा. या अर्थतज्ज्ञांना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळालं. पण त्या वेळी 'प्रथम'नं जोखीम घेतली होती. फरक पडला नाही असं निघालं असतं तर? २००५ पासून 'असर' हा देशव्यापी अहवाल सुरू झाला आणि पाचवीतल्या साधारण निम्म्या मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही, हे घरोघरी जाऊन समोर मांडलं गेलं. अशा संस्थेशी कंपनी बोलते तेव्हा ती बरोबरीनं बोलते, कारण आकडे संस्थेकडे असतात. बेचाळीस रकाने कोणते हवेत आणि कोणते नकोत, ते संस्थाच सांगू शकते.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या सिंगापूरमध्ये तर सगळं चोख असतं. असतं, पण ते आपोआप झालेलं नाही. इथे जुने असाल तर एनकेएफचं, म्हणजे नॅशनल किडनी फाउंडेशनचं प्रकरण आठवत असेल. सोन्याचा नळ! ऑफिसच्या बाथरूममधल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या नळाचा उल्लेख वर्तमानपत्रात आला म्हणून संस्थेनं अब्रूनुकसानीचा खटला भरला, आणि जुलै २००५ मध्ये कोर्टात प्रमुखांच्या वर्षाला सहा लाख डॉलरच्या पगाराची गोष्ट बाहेर आली. खटला मागे घेतला गेला, मंडळानं राजीनामे दिले, हजारो लोकांनी देणग्या बंद केल्या. तिथे पैशाची ददात नव्हती. कोट्यवधींची गंगाजळी होती. कमी होती ती प्रमुखाला प्रश्न विचारणाऱ्या मंडळाची.

त्यानंतर इथे काय झालं, ते शिकण्यासारखं आहे. २००७ मध्ये धर्मादाय संस्थांसाठी कारभाराची संहिता आली. खजिनदार सलग चार वर्षांच्या वर राहू नये, इतक्या बारकाईनं. पण सरकार नुसती छडी घेऊन उभं राहिलं नाही. क्षमता वाढवण्यासाठी वेगळा निधी ठेवला, आणि त्यातून लहान संस्थांना हिशेब, पगारपत्रक यासारखी कामं बाहेरच्या फर्मला द्यायला अनुदान मिळतं. २०१६ पासून कंपनीनं आपली माणसं मान्यताप्राप्त संस्थेत कामाला पाठवली, तर त्यांच्या त्या तासांच्या पगारावर कंपनीला वाढीव करसवलतही मिळते. म्हणजे अकाउंटंटचे तास हीसुद्धा देणगीच, असं इथल्या कायद्यानं मानलं. भारताच्या सीएसआर नियमांत मात्र कर्मचाऱ्यांच्या वेळेचे पैसे लावता येत नाहीत. मला हे उलटं वाटतं. चांगल्या फायनान्सवाल्याचे महिन्याला चार तास बीडच्या संस्थेला टॅबलेटपेक्षा जास्त उपयोगी पडतील.

तर आम्ही काय केलं. कंपनीच्या अधिकाऱ्याबरोबर ताईंची एक बैठक मागितली आणि बैठकीआधी दोन रविवार नुसती तयारी केली. रकाने बेचाळीसचे नऊवर आणले. कोणते नऊ, ते ताईंनी ठरवलं, आम्ही नाही. दुसरं, २०२१ च्या नियमांत 'चालू प्रकल्प' नावाची सोय आहे. सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत प्रकल्प चालू शकतो, आणि न खर्चलेली रक्कम कंपनीनं वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवायची असते. म्हणजे ३१ मार्चची घाई करायचं कारण नाही, पैसा दिवाळीपर्यंत थांबू शकतो. अधिकाऱ्याला हे माहीत होतं. आधी कोणी मागितलंच नव्हतं! तिसरं, अभ्यास घेणारा शिक्षक तक्त्याला बसणार नाही, हे करारात लिहून घेतलं. हिशेबनिसाचा पगार मात्र ते मंजूर करेनात. त्यावर आम्ही हरलो.

एका दुसऱ्या कंपनीनं नंतर संगणक प्रयोगशाळा देऊ केली. ताईंनी नाही सांगितलं. वीज दुपारी असते, मुलं संध्याकाळी असतात. मला वाटतं, त्या दिवशी संस्था खरी मोठी झाली.

आता तुमच्या-माझ्या पैशाबद्दल, कारण इथे गोंधळ फार होतो. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तुम्ही स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँकेमार्फत भारतातल्या संस्थेला दिलंत, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पण तुम्ही सिंगापूरचा लाल पासपोर्ट घेतला असेल, तर ओसीआय कार्ड असलं तरी तुम्ही परदेशी. मग तुमचा पैसा फक्त एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेलाच, आणि तोही २०२० च्या दुरुस्तीनुसार स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच जायला हवा. अशा नोंदणीकृत संस्थेनं तो पुढे दुसऱ्या संस्थेला द्यायलाही आता बंदी आहे. एकाच घरात नवऱ्याचा पासपोर्ट निळा आणि बायकोचा लाल असेल, तर चेक कोणी लिहायचा ते आधी ठरवा. तुमच्या प्रेमापोटी आलेल्या पाचशे डॉलरनं संस्थेची नोंदणी अडचणीत येऊ शकते.

आणि इथे कार्यक्रमात पेटी फिरवून गावाकडच्या संस्थेसाठी पैसे गोळा करायचे असतील, तर आधी परवाना काढावा लागतो. लोकांकडून जमवलेल्या रकमेतला ८० टक्के भाग साधारणपणे सिंगापूरमध्येच वापरायचा, असा नियम आहे. उत्साहाच्या भरात पेटी फिरवू नका. खासगीत, ज्यानं त्यानं आपापल्या खात्यातून पाठवणं हा सरळ मार्ग.

बीडच्या हिशेबनिसाचं मग आम्ही तसंच केलं. आमच्यातले निळ्या पासपोर्टवाले तिघं दर महिन्याला आपापल्या खात्यातून संस्थेला थोडे थोडे पाठवतात, त्यातून त्यांनी गावातलीच एक बी.कॉम. झालेली मुलगी ठेवली आहे. लाल पासपोर्टवाले दोघं पैसे देत नाहीत, ते तिला दर पंधरा दिवसांनी कॉलवर टॅली आणि एक्सेल शिकवतात. गेल्या मार्चमध्ये तिमाहीचा अहवाल पहिल्यांदा वेळेच्या आधी गेला. कंपनीच्या ऑफिसातून फोन आला, की हा तक्ता दुसऱ्या संस्थांना नमुना म्हणून पाठवू का. तिनं सांगितलं, "पाठवा, पण खाली आमच्या संस्थेचं नाव ठेवा."

तुमच्यापैकी कोणी अकाउंट्समध्ये, डेटामध्ये, एचआरमध्ये असाल आणि गावाकडच्या एखाद्या संस्थेला महिन्यातले दोन रविवार देऊ शकत असाल, तर कार्यक्रमाच्या नेहमीच्या पत्त्यावर कळवा. संस्थेचं नाव तुमच्या मनात असेलच. तिचा हिशेब कोण लिहितं, एवढं तेवढं विचारून ठेवा.